दोनशे अकरा फायली

(दुपार. जेवणाच्या टेबलावर आईच्या जुन्या संगणकातून काढलेली हार्ड डिस्क, वायरीनं लॅपटॉपला जोडलेली. दादा हा संगणकाचा निवृत्त शिक्षक. चिमी त्याची धाकटी बहीण, दवाखान्यात परिचारिका. वहिनी दादाची बायको.)

चिमी: परत तेच म्हणतोय हा. परवानगी नाही.

दादा: म्हणू दे. तू बस. सलग दोन पाळ्या करून आलीस, मान टेक जरा.

चिमी: दोन वर्षं मान टेकूनच बसलेय. फोन केला की "बघतो, चिमे". आई गेली त्याच्या पंधरा दिवसांतच विचारलं होतं मी. तेव्हाही बघतच होतास.

दादा: हे बघ, या फोल्डरवर मालक म्हणून अजून आईचं नाव आहे. ते बदलून मी माझं लावतो. दप्तर कुणाचं ते आधी ठरवायचं, मग उघडायचं.

चिमी: मी तुझ्या सातवीच्या वर्गात नाही.

दादा: सातवीतली पोरं एवढी कटकट करत नाहीत.

वहिनी: बहीणभाऊ खुशाल भांडा, पण चहा निवतोय. आणि त्या वायरीला पाय लावू नका. सकाळचं दोन तासांचं काम माझ्या झाडूनं घालवलं.

दादा: झालं. मालक बदलला.

चिमी: उघडलं! दादा, फोल्डर उघडलं! केवढ्या फायली रे!

दादा: दोनशे अकरा.

चिमी: ही पहिलीच बघू. अरे, ही नाही उघडत. दुसरीही नाही.

दादा: नाहीच उघडणार.

चिमी: म्हणजे?

दादा: कुलपं दोन होती. एक खोलीच्या दाराला, एक आतल्या पेट्यांना. दाराचं आत्ता काढलं. पेट्यांची किल्ली संगणक आपली आपण सांभाळतो, त्याच्या जुन्या सिस्टिममध्ये.

चिमी: मग काढ ना ती.

दादा: मी पुसली.

चिमी: काय पुसलीस?

दादा: सिस्टिम. आई गेल्यावर तो संगणक शिकवणीच्या पोरांना द्यायचा म्हणून साफ केला. फोल्डर डिस्कच्या दुसऱ्या भागात होतं म्हणून वाचलं. किल्लीचं लक्षातच आलं नाही. कुलूप लावायला आईला शिकवलं कोणी? मीच. वीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं पोरांना, आधी किल्ली काढून ठेवा, मग पुसा.

वहिनी: अहो, हे दोन वर्षं पोटात ठेवलंत? मलाही बोलला नाहीत?

दादा: कुठल्या तोंडानं बोलू?

चिमी: तुला माहीत होतं मला हे कशाला हवंय. शेवटच्या वर्षात मी दोनदा आले, दादा. दोनदा. तेही बूट न काढता आल्यासारखी. फोनवर आई त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. आणि तू सांगायचास, आई दुपारभर टाइप करत बसते. माझ्यावर राग होता का, तेवढंच बघायचं होतं. राग असता तरी चाललं असतं. हे माहीत नसणंच नको झालंय.

दादा: माझ्यामुळं गेलं ते.

चिमी: पुसणारा तू, न येणारी मी. कुणी कुणाला बोलायचं?

वहिनी: ही नावं अशी अर्धवट का दिसतात? पुढं नुसती टिंबं.

दादा: रकाना अरुंद आहे. लांब नाव त्यात मावत नाही.

वहिनी: फायलीला इतकं लांब नाव कोण ठेवतं?

दादा: थांब. थांब जरा. रकाना ओढून रुंद करतो.

चिमी: काय झालं? वाच की.

दादा: "आज गुडघा बरा. सूनबाईनं केस विंचरले. वेणी फार घट्ट घालते, पण बोलले नाही."

वहिनी: अगंबाई! सांगायचं की मग!

चिमी: हे फायलीचं नाव आहे?

दादा: नाव आहे. आणि आकार बघ. शून्य. हिचाही शून्य, तिचाही. चिमे, सगळ्या पेट्या रिकाम्या आहेत. आत तिनं अक्षरही लिहिलेलं नाही. नाव टाकायच्या जागेतच सगळं लिहिलं. जागा संपली की नवी फाइल.

चिमी: आणि कुलूप?

दादा: कुलूप आतल्या मजकुराला लागतं. नावं बाहेरच राहतात.

चिमी: माझ्याबद्दल काही आहे?

दादा: ही बघ. तूच वाच.

चिमी: "चिमीचा फोन आला. कधी येतेस ते विचारलं नाही. विचारलं की बिचारीला खोटं बोलावं लागतं, मग दोन दिवस तिचा आवाज पडलेला असतो."

वहिनी: राहू दे तो चहा. पाणी आणते.

चिमी: दादा, अख्ख्या शाळेला संगणक शिकवलास तू. नाव कुठं संपतं आणि मजकूर कुठं सुरू होतो, एवढं आईला नाही शिकवलंस?

दादा: दोनदा शिकवलं. तिसऱ्यांदा विचारायला आली तेव्हा खेकसलो. परक्याच्या पोरांना दहादा सांगितलं असतं मी. त्यानंतर तिनं विचारलंच नाही.

चिमी: बरं झालं, खेकसलास ते. नाहीतर सगळं पेटीतच गेलं असतं. सरक जरा.