बाजारी गाईची नोंद

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय अमरसिंह काका, व्यासपीठावरच्या पाहुण्या, सास्तूरच्या इरम्मा मावशी, पहिल्या रांगेत बसलेली माझी आत्या धुरपदाबाई, देवणी गोपालक गटाचे सभासद, तामलवाडीच्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि बाहेर लिंबाखाली झूल पांघरून उभे असलेले आजचे सत्कारमूर्ती, आपले शिलेदार, सर्वांना माझा नमस्कार.

सात वर्षं गावच्या गाईंना वासरं देऊन आपला वळू आज सास्तूरला, इरम्मा मावशींकडं, निघाला आहे. त्याच्याविषयी बोलायचं काम गटाने मला दिलं. पण त्याआधी मला माझंच एक वाक्य मागं घ्यायचं आहे. पोळ्याच्या दिवशी याच समाजमंदिरात मी म्हणाले होते की शिलेदाराच्या जागी काकांचा युवराज सोडायला हरकत नाही, कारण त्याची आई, बाजारी नावाची गाय, उदगीरच्या बाजारातून गाभण आणलेली आहे; म्हणजे युवराजाचं गावातल्या गाईंशी नातं नाही. हे खरं नाही. गटाची नोंदवही मी लिहिते. चूक माझी आहे.

काका, तुम्ही चष्मा काढून माझ्याकडं बघताय. युवराजाला गावचा वळू म्हणून टिळा लावायचं तबक टेबलावर तयार आहे, हे मला दिसतंय. म्हणूनच आज बोलते आहे. टिळा लागल्यावर बोलून काय उपयोग?

आधी शिलेदाराचं सांगते. तो आला तेव्हा मी बारावीत होते. आत्याने मला सोबत नेलं होतं. विकणाऱ्याच्या दारात आमच्या गावची माणसं वळूभोवती गोळा झाली. कोणी वशिंड बघतंय, कोणी शिंगं, कोणी गळ्याची पोळी चाचपतंय. मी म्हणाले, "आत्या, लई देखणा हाय." आत्या म्हणाली, "देखणा तर असंलच की, इकायला काढलाय. त्याची आय कुठं बांधलीय ते इचार." मग आम्ही गोठ्याच्या मागं गेलो. आत्याने त्याच्या आईची कास बघितली, खुर बघितले, ती किती वेळा व्याली ते विचारलं, आणि मगच वळूकडं वळली. पशुपालनाची पदविका मी नंतर केली. वळू कसा निवडायचा हे मला त्या दिवशी गोठ्यामागं कळलं.

देवणी जात कुठून आली, असं शाळेतली मुलं मला विचारतात. पुस्तकात लिहिलंय की इथल्या गावरान गाईंत गीर आणि डांगी रक्त मिसळत गेलं आणि त्यातून ती घडली. मी तेव्हा नव्हते, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण एवढं खरं वाटतं की बाहेरचं रक्त आलं म्हणून ही जात उभी राहिली. आपण मात्र काय केलं? वळूच्याच मुली वयात येतात म्हणून तीन वर्षांनी बदलायचा वळू सात वर्षं ठेवला. का? माया. पोरं त्याच्या पाठीवर बसून मोठी झाली. मीही कधी हट्ट धरला नाही.

यंदा दिवाळीच्या आधी माझ्या गाईला कालवड झाली. तीन दिवस तिला उभंच राहता आलं नाही. चौथ्या दिवशी गेली. असं आधीही एका घरी झालं होतं. कारण जवळच्या नात्याचं रक्तच, असं मी खात्रीने म्हणणार नाही. पण नोंदवही उघडली, तेव्हा दिसलं की तिच्या आईचाही बाप शिलेदार आणि तिचाही शिलेदार. मग भीतीने मी एकेक पान आत्यासमोर वाचायला घेतलं. बाजारीच्या पानावर आत्याने थांबवलं.

"कुठली म्हणालीस?"

"उदगीरच्या बाजारातली."

"अगं येडे, बाजारातली न्हाय. आठवडी बाजाराच्या दिशी जल्मली म्हून बाजारी! काकाच्याच गोठ्यात. शिलेदार आला, त्याच्या फुडल्या साली."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस व्हय?"

युवराज जन्मला त्या साली काकांनी उदगीरहून दोन गाभण गाई आणल्या होत्या. नावावरून मी बाजारीलाही त्यांच्यात धरलं. खात्री करायला सिद्धाराम मामांकडं गेले. काकांची चाळीस जनावरं आणि आपला शिलेदारही तेच सांभाळतात. ते म्हणाले, "बाजारी माझ्या हातावर जल्मली, शिलेदाराचीच. अन् युवराज बी शिलेदाराचाच. पर तुमी वहीत लिवलंय, मंजी बराबर असंल म्हनलं." या वाक्यानंतर मला झोप लागलेली नाही. ज्यांना ठाऊक होतं, ते माझ्या अक्षरामुळे गप्प बसले.

म्हणजे शिलेदार हा युवराजाचा बाप आहे आणि त्याच्या आईचाही बाप आहे. आणि गावातल्या तरण्या गाई बहुतेक सगळ्या शिलेदाराच्याच मुली.

मागून प्रेमदादा म्हणतायत, "आमच्यात मामाची पोरगी चालते की!" चालते, दादा. तुम्ही केलीतही, आणि वहिनी समोरच बसल्यात. पण इथं मामाची नाही, बापाची आहे.

हसा, पण ऐका. काका, युवराज देखणा आहे. तुमच्या घरच्यांनी त्याला लेकरासारखा वाढवलाय. त्याचा काही दोष नाही आणि तुमचाही नाही. तो औताला चालेल, प्रदर्शनात पहिला येईल. पण गावच्या गाईंवर तो सोडू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आणि विनंती मान्य झाली नाही, तर गटाच्या वहीत वळू म्हणून त्याचं नाव मी लिहिणार नाही. वही दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी लागली तरी चालेल.

नुसतं नको म्हणून भागत नाही, हेही मला कळतं. इरम्मा मावशींकडं तीन वर्षांचा खोंड आहे. त्याची आजी त्यांच्या माहेराहून, बिदरकडून आलेली. मी परवा फोन केला, तर मावशी म्हणाल्या, "देते की. पर तू ये, आधी माझी गाय बघ, पान्हा बघ, मग खोंडाकडं बघ. फोनवर काय सोयरीक जमती व्हय?"

सिद्धाराम मामा आत आलेले नाहीत. शिलेदाराचा कासरा धरून बाहेरच उभे आहेत. पहाटे त्याला अंघोळ घालताना ते त्याच्याशी काय बोलले ते मी ऐकलं, पण ते इथं सांगण्यासारखं नाही. सात वर्षांबद्दल आपण दोघांचेही आभार मानू या.

आत्याचे, इरम्मा मावशींचे आणि शेवटपर्यंत माईक बंद न करणाऱ्या अध्यक्षांचे आभार. लहान तोंडी काही जास्त बोलले असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर घरची मुलगी समजून पोटात घाला. नोंद मात्र मी आज सकाळीच लाल शाईने दुरुस्त केली आहे, खाली सही आणि तारीख घालून. काका, तबक अजून टेबलावर आहे. तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. मी आत्याला घेऊन इरम्मा मावशींची गाय बघायला सास्तूरला जाणार आहे, येत्या सोमवारी, सतरा नोव्हेंबरला, सकाळी सातला.