भुवईला चिकटलेलं बोट

—नाही, हसू नका दादा, हसलात की तुमची भुवई वर जाते आणि भुवई वर गेली की माझं बोटही वर जातं. हो, माझंच बोट. चिकटलंय. घाबरू नका, जखम झकास बंद झालीये, सुई नाही, टाका नाही. तुम्ही सुतार माणूस, फळीला फळी लावून धरून ठेवता ना, तसंच हे — कडा जुळवायच्या, वरून जखमेच्या ग्लूचा पातळ थर द्यायचा, मिनिटभर धरायचं. सतरा वर्षं मी हेच करतेय, कपाळं, हनुवट्या, आणि एकदाही बोट अडकलं नाही. हातमोजा? घातलाय की, पण टोकाला फाटलाय, आणि नेमकं तेच टोक. नवी पेटी यायचीये.

आता विचाराल, हे झालं कसं — विचारू नका, बोलायचं नाही असं मीच सांगितलंय. तर डोळ्याकडे ओघळू नये म्हणून भुवईखाली आधी व्हॅसलिनसारखी जेली लावायची असते. चिकटलेलं सोडवायलाही तीच. आणि जेली संपलीये. मावशींनी सांगायला हवं होतं, त्या बाहेर लादी पुसतायत ना, त्यांनी — नाही, त्यांच्यावर कशाला ढकलू, त्यांनी सकाळीच सांगितलं. मी चिठ्ठीही लिहिली. आमच्याकडे असं असतं, काय हवं ते चिठ्ठीवर लिहून खाली स्टोअरला धाडायचं, स्टोअरवाले काय देणार ते लिहून ती वर पाठवतात, आपण सही करून परत खाली, मग माल येतो. सहीशिवाय कापसाचा बोळा हलत नाही. स्टोअरवाले म्हणजे फार कडक माणूस. एका थर्मामीटरसाठी मोठ्या डॉक्टरांना जिना उतरायला लावला होता, मी आठवडाभर हसत होते.

चिठ्ठी? खालून परत आलीये, माझ्या खिशात आहे. नऊ वाजल्यापासून. सही करायला वेळच कुठे मिळाला — मिळाला होता. दोनदा चहा प्याले मी.

बरं, तुम्ही अनोळखी, त्यात एक डोळा मिटलेला, तुम्हाला सांगायला काय जातंय. चिठ्ठीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे ते नेहमी लिहितात, ‘शिल्लक नाही’, नाहीतर ‘पुढील आठवड्यात’, अक्षर असं की चौकट करून लावावं. आज तिथे लिहिलंय, ‘माझ्याशी लग्न कराल का? बदलीच्या कागदावर दोन वाजेपर्यंत सही करायची आहे. नाही म्हणालात तर जाईन.’ खाली तारीख आणि शिक्का. लग्नाच्या मागणीवर स्टोअरचा शिक्का मारलाय हो त्या माणसाने. तेव्हापासून माझे हातपाय माझे राहिलेले नाहीत. सकाळी एका आजींच्या भलत्याच पायाला पट्टी गुंडाळत होते, त्याच म्हणाल्या, बाळ, दुखतो तो हा.

याआधीही विचारलं होतं त्यांनी, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, मी म्हटलं, नंतर बघू. तर हा माणूस खरोखरच नंतरची वाट बघत बसला, कुरकुर नाही की काही नाही. आई गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मी बँडेजं जास्त मागवते. लागतात बारा, मागवते चाळीस, चिठ्ठी जरा जास्त वेळा खाली-वर जावी म्हणून — हे मी तुम्हाला का सांगतेय? त्या मागच्या कपाटाचं दार लागत नाही आता. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नसेल. ज्याला एक थर्मामीटर इकडचा तिकडे झालेला कळतो, त्याच्या लक्षात येत नसेल, वेडीच मी.

भीती कसली म्हणता? एकोणपन्नास वर्षांची आहे मी. भाऊ म्हणेल, आता या वयात? म्हणू दे. भीती ही वाटते की मी हो म्हणेन आणि मला फार आनंद होईल, आणि एवढ्या आनंदाचं करायचं काय, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

किती वाजले? पावणेदोन. म्हणजे बघा, बोट सुटायला जेली हवी, जेली यायला चिठ्ठी जायला हवी, चिठ्ठी जायला सही हवी, आणि सही करायची तर शेऱ्याला उत्तर नको? — शेजारच्या खोलीतून मागवता येईल, हो. डबा भरलेला आहे तिथे. हे तुम्हाला सांगायला नको होतं मी.

माझ्या उजव्या खिशात हात घाला, माझा डावा तिथवर पोचत नाही. हां, तीच. तळहातावर ताठ धरा. तुमच्या कानामागची पेन्सिल द्या. डाव्या हाताने लिहायचं म्हणजे... शी, ‘हो’ लिहिलंय की कोंबडी चाललीये. त्यांच्या अक्षराशेजारी हे. सहीसुद्धा माझी वाटत नाही. असू दे. मावशी, ओ मावशी, ही खाली द्या, लगेच — पळू नका, लादी ओली आहे.

गेल्या. दादा, तुमचं कपाळ गरम आहे की माझं बोट? आता परत घेता येणार नाही. घ्यायचंही नाही म्हणा. फक्त मावशी जिन्यात कुणाशी गप्पा मारत बसायला नकोत. बसतात त्या. दहा मिनिटं सहज —

थांबा. हे मावशींचे पाय नाहीत. मावशी चपला घासत चालतात. आणि ते तर कधी वर येत नाहीत, सतरा वर्षांत एकदाही —

या. या ना. नाही, पेशंट चांगला आहे, मीच अडकलेय. तुम्ही दोन डबे आणलेत, मी एकच मागितला होता. ... हळू. इथे, कडेने. ... हो. लिहिलंय ते बरोबर वाचलंत. हो.

सुटलं. दादा, झालं तुमचं, उठा. पाच दिवस भिजवू नका, खरवडू नका, मलम लावू नका, तो थर आपोआप निघेल. आरशात बाहेर जाऊन बघा. कपाटाचं दार पुढच्या खेपेला बघा. पेन्सिल? पेन्सिल मिळायची नाही. दार ओढून घ्या.