फेबियनच्या कबरीतला माणूस

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धर्मग्रामाचे आदरणीय फादर, व्यासपीठावर बसलेले दफनभूमी समितीचे आजी-माजी सभासद, कामणहून मुद्दाम आलेली पाहुणेमंडळी, आजचे सत्कारमूर्ती श्री. फेबियन, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी बर्थाबाय, आणि या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना या जेम्स मास्तरचा नमस्कार.

फेबियन आज समितीच्या कामातून निवृत्त होत आहेत. बर्थाबाईंसह ते नाशिकला मुलीकडे, टिफनीकडे, राहायला जाणार. सत्काराचं भाषण मी करावं अशी समितीची आज्ञा झाली. का, ते तुम्ही जाणता. आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवलं आणि फावल्या वेळात तुमच्या कबरींवरचा मजकूर लिहून दिला. घरात माणूस गेला की तुम्ही माझ्याकडे यायचात, "सर, दोन चांगल्या ओळी द्या." दगडासाठी शब्द देता देता मला एक कळलं. ज्या घरात भांडणं जास्त, त्या घराच्या दगडावर विशेषणं जास्त. जिथे खरोखर काळीज फाटलेलं असतं, तिथे लोक नुसतं नाव मागतात. हसू नका, आपापले दगड आठवून पाहा!

फेबियनच्या दगडावर विशेषणं भरपूर होती. हो, फेबियनच्याच. हे समोर बसलेले गृहस्थ एकदा आपल्या दफनभूमीत पुरले गेले आहेत. नव्या इमारतींतून आलेल्या मंडळींना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. फेबियन, तुमची परवानगी मी काल घेतली आहे. आता मान हलवू नका.

नव्वद सालची गोष्ट. फेबियन अर्नाळ्याच्या एका बोटीवर खलाशी होते. घरात तान्ही टिफनी होती. नवरा-बायकोत रोज वाद, त्यात दारू. एके दिवशी भांडूनच ते बोटीवर गेले. पावसाळा सरला म्हणता म्हणता समुद्र पुन्हा उठला आणि बोट उलटली. बाकीचे खलाशी फळकुटांना धरून किनाऱ्याला लागले. दोघं मात्र आले नाहीत. एक फेबियन, दुसरा कामणचा काशीराम, लग्नही न झालेला तरुण.

काही दिवसांनी एक प्रेत किनाऱ्याला लागलं. चेहरा उरला नव्हता. अंगात तांबडा स्वेटर होता. तो बर्थाबाईंनी स्वतः विणलेला, टाके त्यांचे. मग ओळख पटायला आणखी काय हवं? पेटी बंद करायच्या वेळी मात्र बर्थाबाय एकाएकी म्हणाल्या, "हे पाय त्याचे नाहीत."

फेबियनच्या डाव्या पायाचा अंगठा बोटीच्या नांगराखाली चेचून चपटा झाला होता. या प्रेताचे अंगठे धड होते. वडीलधाऱ्यांनी त्यांना गप्प केलं. म्हणाले, "बाय, खाऱ्या पाण्यात पाय सुजतात. दुःखात माणसाला काहीही दिसतं." तरी बर्थाबाईंनी कामणला निरोप पाठवला. काशीरामच्या आईचं उत्तर आलं, "माझे पोराकडं सोटर कवा व्हता? तो माझा नाय."

म्हणजे बघा, एका घरचे पाय नव्हते आणि दुसऱ्या घरचा स्वेटर नव्हता. तो मधला माणूस आपण पुरला. वर दगड बसवला, 'फेबियन, प्रेमळ पती, आज्ञाधारक पुत्र'. मजकूर अर्थात माझा.

त्यानंतर मी एक गोष्ट पाहत आलो आणि ती कधी कुणाला बोललो नाही. बर्थाबाय दर रविवारी त्या कबरीवर यायच्या, झेंडू वाहायच्या. पण प्रार्थनेत नवऱ्याचं नाव घेत नसत. मी जवळच माझ्या आईच्या कबरीपाशी असायचो, मला ऐकू यायचं. त्या म्हणायच्या, "प्रभो, इथे जो कोणी निजला आहे, त्याला शांती दे." ते ऐकलं की मी तिथून लवकर निघायचो.

मग सत्त्याण्णव सालचा दोन नोव्हेंबर आला, सर्व मृतांचा दिवस. ती संध्याकाळ कशी असते हे तुम्हाला मी का सांगावं? सगळ्या कबरींवर मेणबत्त्या, मेणाचा आणि फुलांचा वास, गाव सगळं तिथे, आणि तरी आवाज नाही. फादर ध्वनिक्षेपकावरून मृतांची नावं वाचत होते. एक दाढी वाढलेला, वाळलेला माणूस रांगांमधून दगड वाचत वाचत पुढे आला आणि फेबियनच्या दगडापाशी थांबला. त्याने चप्पल काढून बाजूला ठेवली.

छोटी टिफनी आईचा पदर ओढून म्हणाली, "मम्मी, हे अंकल पप्पांचा दगड वाचतायत."

त्याच क्षणी ध्वनिक्षेपकावर नाव आलं, "फेबियन." लोक पुटपुटले, "त्यांना चिरशांती लाभो." मीही पुटपुटलो. आणि तो माणूसही.

बर्थाबाईंनी हातातली मेणबत्ती खाली नेली. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आधी पायाकडे पाहिलं. डावा अंगठा चपटा होता. मग त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता ही बाई किंचाळणार, कोसळणार. पण आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "तू इथे आहेस. मग या खाली कोण आहे?"

तो म्हणाला, "काशीराम."

माझ्या हातातली मेणबत्ती कधी विझली, मला कळलं नाही.

नंतर फेबियननी सगळं सांगितलं. बोटीवर काशीरामला ताप भरला होता, तो हुडहुडत होता, म्हणून त्यांनी आपला स्वेटर त्याच्या अंगात घातला. बोट उलटल्यावर फेबियनना गुजरातच्या एका बोटीने उचललं. तिकडच्या बंदरात ते काम करू लागले आणि परतलेच नाहीत. मी विचारलं, "का रे बाबा?" म्हणाले, "सर, सगळे मला मेलेला समजत असतील, या विचाराने बरं वाटलं. माझा त्रास कुणाला उरला नाही, असं वाटलं." पुढे त्या बंदरात अर्नाळ्याचा एक खलाशी भेटला. त्याने यांना ओळखलं नाही. बोलता बोलता तो सांगून गेला, की बुडालेल्या फेबियनला बायकोने स्वेटरवरून ओळखलं. तेव्हा यांना कळलं की आपल्या नावाखाली कोण झोपलं आहे, आणि कामणची एक आई अजून दाराकडे बघत असणार. त्या दिवसापासून झोप गेली. मृतांच्या दिवशी गर्दीत कुणी ओळखणार नाही, कबर डोळ्यांनी बघावी आणि तसंच कामणला जावं, असा त्यांचा बेत होता.

कामणला आम्ही तिघं गेलो. काशीरामची आई अंगणात बसली होती. उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. मुलाचं कार्य तिने होऊ दिलं नव्हतं. फेबियन तिच्या पुढ्यात मातीत बसले आणि म्हणाले, "आये, स्वेटर माझा होता. मीच त्याला घातला."

तिने तांब्याकडे पाहिलं. मग विचारलं, "थंडी भरलेली त्याला?"

"हो."

"मंग तू घातलास ते बरा केलास."

आणि एवढा वेळ कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या बर्थाबाय तेव्हा रडल्या.

म्हातारीला आपण दफनभूमीत आणलं. गावात कुजबुज झालीच. परधर्माचा माणूस आपल्या मातीत कसा, उकरून त्यांच्या स्वाधीन करा, असंही काही जण म्हणाले. तेव्हाचे फादर म्हणाले, "इतकी वर्षं आपण याच्यासाठी प्रार्थना केली. आता तो परका कसा?" म्हातारीने दगडावरून हात फिरवला. "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाव त्याचा घाला. पुत्र लिवलाय तो ऱ्हाऊ द्या. इथं त्याला फुला तरी मिलतान."

नाव बदललं. 'प्रेमळ पती' हे शब्द फेबियननी स्वतः छिन्नी घेऊन काढले. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून दारू सुटली, आणि दफनभूमीचं काम त्यांनी मागून घेतलं. गवत काढणं, पडके क्रूस उभे करणं, ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावणं. दर महिन्याला कामणला फेरी. बर्थाबाईंनी त्यांना लगेच घरात घेतलं असं समजू नका. कितीतरी दिवस ते ओसरीवर झोपले. आत कधी बोलावलं, ते त्या दोघांचं त्यांना माहीत.

गेल्या वर्षी म्हातारी वारली. तिच्या भाऊबंदांनी फेबियनना बोलावून घेतलं आणि अग्नी त्यांच्या हातून देवविला. ती मंडळी आज इथे बसली आहेत. ज्या माणसाने मधल्या वर्षांत वारलेल्या स्वतःच्या आईबापाला जिवंतपणी खांदा दिला नाही, कारण तेव्हा तो 'मेलेला' होता, त्याच्या हातून एका आईचं शेवटचं कार्य झालं. याहून मोठं प्रमाणपत्र आमची समिती काय देणार? ही शाल आणि श्रीफळ तेवढं गोड मानून घ्या.

फादरांचे, समितीचे, कामणकरांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या घरचं दुखणं उघडं पडलं असेल, शब्द कमी-अधिक गेला असेल, तर तुम्ही इथेच क्षमा करावी. ज्यांची क्षमा इथे मागता येत नाही, त्यांच्याकडे मी रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर दफनभूमीत जाऊन येईन.