इस्तंबूलपुरता कागद

(इस्तंबूलमध्ये उस्कुदार भागातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. मार्चमधली सकाळ. मुकर्रेमची धाकटी बहीण सादेत दूरच्या तोकात गावाहून आत्ताच आली आहे. सादेतची मुलगी गुल्तेन दोन वर्षांपासून इथं मावशीकडे राहते.)

सादेत : तर मी म्हटलं, आता तिचं तिथं काय अडलंय? कागदच उरला नाही. जाते आणि पोरीला घेऊन येते.

मुकर्रेम : कुठला कागद?

सादेत : या बाजूनं बोल, ताई. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही.

मुकर्रेम : कुठला कागद म्हणते मी.

सादेत : तोच तुमचा, इस्तंबूलचा करार. बायकांवर हात उचलू नये म्हणणारा. शनिवारी सरकारनं रद्द केला. टीव्ही बघत नाहीस का?

मुकर्रेम : रद्द नाही केला. आपल्या देशाचं नाव काढून घेतलं त्यातून. बाकीचे देश आहेत अजून.

सादेत : बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं. बरं झालं काढलं. आमचे इमाम म्हणत होते, त्या करारानं चांगली चांगली घरं मोडली. नवरा-बायकोच्या मधे परक्यांनी कशाला बसायचं?

मुकर्रेम : परके कुठले गं? सगळ्यांत आधी आपणच तो मान्य केला होता. आपल्या शहराचं नाव त्याला. त्या दिवशी मी खाली बोटीच्या धक्क्यावर जाऊन अनोळखी बायकांना तिळाचे सिमित पाव वाटले होते. एक म्हातारी तर घास तोंडात घेऊन रडत होती.

सादेत : खाल्लंत ना पोटभर? झालं तर मग.

गुल्तेन : चहा घे, आई.

सादेत : ये. किती वाळलीस. आणि मानेभोवती रुमाल कशाला, घरातल्या घरात?

गुल्तेन : डाग आहे.

सादेत : अजून आहे? चहादाणी कलंडली होती, एवढंच ना.

गुल्तेन : कलंडली नव्हती, आई. त्यानं धरली होती.

सादेत : दोन वर्षं तेच घोकत बसलीस. मी नाही का राहिले? दात पाडून घेऊन माहेरी आले, तर बाबांनी गरम सूप पाजलं, लग्नात बाप नवरीला बांधतो ती लाल फीत काढली, कोटावरूनच पुन्हा कमरेला बांधली आणि स्वतः नेऊन सोडलं. ताई, तू होतीस ना तिथं?

मुकर्रेम : फीत मीच शोधून दिली होती.

सादेत : मग? टिकले की नाही मी?

मुकर्रेम : टिकलीस. कान तेवढा त्यानंतर गेला.

सादेत : एका कानानं होतो संसार. गुल्तेन, कपडे भर. द्राक्षाची पानं आणलीत मावशीला, ती तिला भात भरून गुंडाळत बसू दे. आपण दुपारच्या आत निघू.

गुल्तेन : मी येणार नाही.

सादेत : आता कशाच्या जोरावर नाही म्हणतेस? इस्तंबूलमध्ये कागद होता तोवर ठीक. नवऱ्यानं इथं पाऊल ठेवलं की आत टाकायचे. आता इस्तंबूल काय नि तोकात काय, सारखंच.

मुकर्रेम : काय म्हणालीस?

सादेत : तोकातला कुठं होता तो कागद? म्हणून तर ही इथं पळाली. आमच्या हवालदारानं हिच्या नवऱ्याला, बेकिरला तेव्हाच समजावलं होतं, ती इथं तोकातला असती तर दोन शब्दांत मिटवलं असतं, पण इस्तंबूलला जाऊ नकोस बाबा, तिथं तो करार आहे.

मुकर्रेम : अगं वेडे, तो तिथं झाला म्हणून नाव तिथलं. लागू सगळ्या देशाला होता. तोकातलाही.

सादेत : काहीतरीच. मग आम्हाला कसं नाही दिसला कधी?

गुल्तेन : म्हणून तो दोन वर्षं आला नाही?

सादेत : दोनदा निघाला होता बिचारा. बसस्टँडवरून परत फिरला. तुरुंगाची भीती कुणाला नसते?

गुल्तेन : मला वाटायचं, त्याला पत्ताच माहीत नाही.

सादेत : पत्ता मी पहिल्याच आठवड्यात दिला. नवरा आहे तुझा. त्याच्यापासून काय लपवायचं?

मुकर्रेम : सादेत.

सादेत : मी काय चुकीचं केलं?

मुकर्रेम : गुल्तेन, इकडे बघ. आपल्या देशाचा स्वतःचा कायदा आहे अजून, त्याला कुणी हात लावलेला नाही. करार गेला म्हणून तो गेला नाही. पोलिसांना बोलवलं की त्यांना यावंच लागतं.

गुल्तेन : हे बेकिरला कोण सांगणार, मावशी?

मुकर्रेम : मी सांगेन. फोनवर सांगेन.

गुल्तेन : मला कागदानं नव्हतं वाचवलं. त्याच्या चुकीच्या समजुतीनं वाचवलं. आता टीव्हीनंच त्याला सांगून टाकल्यासारखं झालं, घाबरू नकोस म्हणून.

सादेत : कुणी मारत नाही तुला. रागावलाय, पण निवळेल. घरी गेल्यावर आधी त्याचा हात धर, चुकले म्हण, एवढं केलंस की झालं.

गुल्तेन : आई, तोकातची बस तर दुपारी पोचते.

सादेत : हो.

गुल्तेन : मग तू इतक्या सकाळी कशी आलीस?

सादेत : बसनं कुठं आले मी? बेकिरनं आणलं, रात्रभर गाडी चालवून. खाली उभा आहे. वर ये म्हटलं तर म्हणाला, तुमचं बोलणं होऊ दे आधी. कालपासून पोटात काही नाही पोराच्या. ताई, त्याला एक ग्लास चहा तरी देऊन येऊ का?