यंत्राच्या भाड्यातले पॅड

नाव : माहीन तल्हा परकार. वय : ३४ वर्षे. व्यवसाय : नोकरी, दवाखान्यात विम्याची बिले करणे. राहणार : सलवा, कुवेत. मूळ गाव : म्हसळा, जि. रायगड.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून दुभाषी सर्फराज काझी यांच्यामार्फत सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व मुलीसह राहते. जाब्रियातील एका खाजगी फिजिओथेरपी दवाखान्यात नोकरी करते. रुग्णाला दिलेल्या प्रत्येक उपचाराला आणि वस्तूला एक कोड असतो. तो घालून बिल विमा कंपनीकडे पाठवणे हे माझे काम. मला कोणी बोलावलेले नाही. जेवणाच्या सुट्टीत मी आपणहून आले आहे.

काल आपण ज्यांना ताब्यात घेतले ते तुळशीदास घाणेकर आमचे रुग्ण आहेत. ते गुहागरकडचे, सुतारकाम करतात आणि रुमैथियात इतर कामगारांबरोबर एका खोलीत राहतात. परांचीवरून पडून त्यांचा उजवा खांदा दुखावला. दुखणे कमी व्हावे म्हणून विजेचे हलके झटके देणारे लहान यंत्र दवाखान्याने त्यांना भाड्याने घरी दिले आहे. त्याच्या वायरींना चिकट पॅड असतात, ते अंगाला लावायचे. वापरून वापरून त्यांचा चिकटपणा जातो, मग नवे लागतात.

मागच्या महिन्यात ते सही करायला माझ्या खिडकीशी आले होते. सही डाव्या हाताने केली. शर्टाची कॉलर सरकली तेव्हा मला खांद्यावर खोकी बंद करायची टेप दिसली, आणि टेपच्या कडेने फोड. मी विचारले, "काका, नवे पॅड का मागत नाही?" ते म्हणाले, "दर खेपेला काय मागायचं, बाय?" मी ही गोष्ट फिजिओथेरपिस्ट योगिनी बर्वे यांच्या कानावर घातली.

त्यानंतर घाणेकर यांनी पॅडचे एक पाकीट घरी नेले. विमा कंपनीने त्या पाकिटाचे बिल नाकारले. ते पाकीट तुटीत निघाले, म्हणून स्टोअर सांभाळणारे दत्तप्रसाद सामंत यांनी कॅमेरा पाहिला. उपचारांच्या खोलीत कोणी नसताना घाणेकर टेबलावरचे पाकीट पिशवीत टाकताना त्यात दिसतात. काल ते उपचारासाठी आले तेव्हा सामंत यांनी सर्वांसमोर जाब विचारला. घाणेकर एवढेच म्हणाले, "योगिनीबायनी न्यायला सांगितलं." योगिनी वडिलांच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला गेल्या आहेत. त्यांचा फोन लागला नाही. सामंत यांनी पोलिसांना बोलावले. सामंत वाईट मनुष्य नाहीत. स्टोअरमधील तूट त्यांच्या नावावर लागते.

आज सकाळी मी नाकारलेले बिल पुन्हा उघडले. यंत्राच्या मासिक भाड्याच्या कोडमध्येच पॅड, वायरी आणि बॅटऱ्या धरलेल्या असतात. पॅडचा वेगळा कोड फक्त ज्यांचे यंत्र स्वतःचे आहे त्यांच्यासाठी. आमचा संगणक मात्र स्टोअरमधून पाकीट बाहेर पडले की तो वेगळा कोड आपोआप लावतो. म्हणून बिल परत आले. पॅड घाणेकर यांना भाड्यातच मिळायला हवे होते.

मी हे सामंत यांना दाखवले. ते वाचून खाली बसले. "म्हणजे त्याचीच वस्तू नेली म्हणून मी त्याला आत टाकलं?" मग म्हणाले, "आता तक्रार दिलीय. मालक काय म्हणतील?" मी म्हटले, "दादा, माणूस तिकडे बसलाय." मालकांनी मला बजावले की तुझे काम बिलांचे आहे, पोलिसांचे नाही. मी पर्स घेतली आणि निघाले. सामंत माझ्या मागोमाग आले.

येथे घाणेकर यांना माझ्यासमोर आणले. डाव्या हाताने उजवा हात धरून ते उभे होते. त्यांनी पहिले विचारले, "बाय, कंपनीच्या मंदूबला कळवलंत काय? तो कागद करून मला गावी पाठवील." मंदूब म्हणजे कामगारांच्या व्हिसा-परवान्याचे कागद करणारा कंपनीचा माणूस. त्याला कळवले नाही, असे मी म्हटले. तेव्हा ते खुर्चीवर बसले.

हा जबाब चालू असताना योगिनी यांचा फोन आला. दुसरा रुग्ण आत बोलावत होता, म्हणून टेबलावरचे पाकीट घेऊन जा असे आपणच दारातून सांगितले, हे त्यांनी जबाब घेणाऱ्या साहेबांना दुभाष्यामार्फत सांगितले. सामंत यांनी तक्रार मागे घेतली आहे. ते घाणेकर यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. घाणेकरच म्हणाले, "असू दे, साहेब. तुमचीपण नोकरी आहे."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

अरबीत लिहिलेला हा मजकूर सर्फराज काझी यांनी मला मराठीत समजावून वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी "चोरीचे पाकीट" असे आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "तुळशीदास घाणेकर यांचे पाकीट" असे केले आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.