बाबांचा कापलेला एक्स-रे

तुम्ही हसाल, पण बाबांचा छातीचा एक्स-रे मी माझ्या हाताने कापलाय.

झालं काय, बाबांचा खोकला हटेना म्हणून परळला सीटी स्कॅन काढला. फुप्फुसात सहा मिलिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक जुना व्रण असेल. आधीचा एखादा एक्स-रे आहे का? त्यात दिसला तर काळजी मिटेल. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन."

बाबा खूश. "गिरणीत असताना काढलेला आहे ना! ट्रंकेत जपून ठेवलाय."

लालबागच्या आमच्या खोलीत आईने ट्रंक उघडली. पाकिटातून फिल्म निघाली, तर नेमकं फुप्फुसाच्या काळ्या भागात चौकोनी भोक! सातवीत असताना सूर्यग्रहण बघायला मीच तो तुकडा कापला होता. चाळीतली सगळी पोरं गच्चीवर रांग लावून त्यातून बघत होती.

मी कबूल केलं. बाबा त्या भोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नीट दिसलं का रे?"

"काय?"

"ग्रहण. मी पहिल्या पाळीला होतो. मला नाही बघायला मिळालं."

मी फिल्म परत पाकिटात घातली.

सहा महिने आम्ही जीव मुठीत धरून काढले. दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती. डॉक्टर म्हणाले, "छान. आता वर्षाने या."

चाळीचा जिना चढताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

बाबा ऐटीत म्हणाले, "पुढच्या वर्षी बोलावलंय. आता तोवर जगायला तर लागणारच!"