नवव्या दिवशी मी शिखरावर होतो म्हणे

सकाळचे सहा. डोंगरातलं मुक्कामाचं घर, चालण्याचा नववा दिवस, आणि मी झऱ्यात पाय सोडून बसलेलो. शिखर तिथून अकरा किलोमीटर वर. हे अकरा किलोमीटर लक्षात ठेवा.

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली, एकदाही खुलासा छापावा लागला नाही. निवृत्त झालो, म्हटलं बावीस दिवस गप्प चालू या. तर मुलगी म्हणते, "बाबा, रोज ऑनलाइन लिहायचं हं." लिहिलं. पहिल्या दिवशी पायाला फोड आला, दोनशे जण हळहळले. दुसऱ्या दिवशी फोड नाही, तर मेहुणा विचारतो, "दाजी, आज काहीच घडलं नाही?" म्हणजे मजा यांची आणि फोड माझे?

आता वर रेंज नाही. मग मंत्र्यांच्या भाषणाचं करायचो तेच केलं. भाषण संध्याकाळी, बातमी दुपारीच तयार. आठव्या दिवशी खालच्या गावातच लिहून ठेवलं, "सूर्य उगवताना मी शिखरावर उभा होतो, डोळे भरून आले," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आपोआप झळकेल अशी वेळ लावून दिली. मंत्र्यांनी कधी दगा दिला नाही हो... गुडघ्याने दिला. घराची मालकीण म्हणाली, "वर जाल, पण उतरवणार कोण तुम्हाला? बसा इथंच."

बसलो. आणि काय सकाळ होती म्हणून सांगू... पाणी गार, वाक्य जुळवायचं नाही, समोरच्या दगडावर एक पक्षी आला, मी फोटो काढला नाही, तोही उडाला नाही, दोघेही निवांत. एकतीस वर्षांत इतक्या सुखात बसलो नव्हतो. मग आठवलं, सहा कधीच वाजून गेले होते.

लंगडत आत गेलो, मालकिणीच्या तारेच्या फोनवरून मुलीला गाठलं. "अगं, ते काढ आधी. मी वर गेलोच नाही. खुलासा टाक."

"बाबा, कसला खुलासा? दोघांनी खाली रेंजमध्ये येऊन लिहिलंय, पहाटे शिखरावर तुम्ही भेटलात म्हणून. एकाला लिमलेटची गोळी दिलीत."

"ओळखतात का ते एकमेकांना?"

"नाही."

झालं. नव्या पोरांना जन्मभर मीच शिकवलं, एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार मिळाले की बातमी पक्की. तरी तिला खुलासा टाकायला लावलाच, आयुष्यातला पहिला. त्या खुलाशाखाली लोकांनी काय लिहिलं माहितीये? "काका, किती हो तुमचा साधेपणा." एकाचाही विश्वास नाही.

बरं, माझं राहू द्या. वर लिमलेट वाटणारा तो गृहस्थ कोण, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.